विश्लेषण : वॉरंटीतली गाडी मधूनच झटके देते… दोष इंजिनाचा, पेट्रोलचा की कागदावर न आलेल्या तक्रारीचा?

सानगडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातले, सहानगडाच्या किल्ल्यासाठी ओळखले जाणारे आणि धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. समजा, तिथल्या एका ग्राहकाने दोन वर्षांपूर्वी पेट्रोल कार घेतली. अलीकडे ती साकोलीच्या वाटेवर कधी तरी दोन-तीन झटके देते, क्षणभर दम सोडते आणि काही झालेच नाही अशी पुन्हा धावू लागते. आठ दिवस काही होत नाही, नवव्या दिवशी ट्रकला ओलांडताना पुन्हा तेच. गाडी भंडाऱ्याला किंवा शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या नागपूरला सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी, तर तिथे ती मुकाट चालते. जॉब कार्डवर शेरा पडतो : दोष आढळला नाही.

अशी तक्रार नवी नाही. मात्र २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागल्यावर तिला एक नवे उत्तर मिळू लागले आहे : ‘हल्ली पेट्रोलच तसे येते.’ हे उत्तर कितपत खरे? मधूनच येणारा दोष शोधायचा कसा? आणि वॉरंटीची मुदत संपत असताना तो सिद्ध कुणी करायचा?

इंजिन झटके का देते?

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी वेळेवर लागतात : योग्य प्रमाणात हवा, योग्य प्रमाणात इंधन आणि नेमक्या क्षणी ठिणगी. यातली एखादी गोष्ट क्षणभर चुकली की त्या सिलिंडरमधला स्फोट होत नाही किंवा अर्धवट होतो. मेकॅनिक याला ‘मिसिंग’ म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर गळाला तर गाडी थरथरते. तीन सिलिंडरच्या छोट्या इंजिनात, जी आज अनेक लहान गाड्यांत असतात, धक्का अधिक जाणवतो. एकाच वेळी सगळ्या सिलिंडरचे इंधन कमी पडले तर गाडी ‘दम सोडते’.

संशयितांची यादी फार लांब नाही. ठिणगीच्या बाजूला स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल. इंधनाच्या बाजूला टाकीतला पंप, फिल्टर आणि इंजेक्टर. हवेच्या बाजूला मळलेली थ्रॉटल बॉडी, फुटलेली रबरी नळी, किंवा टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह अडकणे. या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा, सेन्सर आणि कनेक्टर हा चौथा गट. मधूनच येणाऱ्या दोषात तो सर्वाधिक चकवतो, कारण सैल पिन गाडी उभी असताना जोडलेली असते आणि खड्ड्यात सुटते.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी शहाण्यासारखी का वागते?

कारण दोष परिस्थितीशी बांधलेला असतो आणि परिस्थिती सर्व्हिस सेंटरमध्ये नसते. कॉइलच्या आतल्या तारेला केसाएवढी चीर असेल तर ती थंडपणी जुळलेली राहते; तासभर गाडी चालून इंजिन तापले की फाकते. प्लगच्या टोपणात ओल शिरली असेल तर दोष पावसाळी सकाळी दिसतो, दुपारी नाही. पंप दुबळा झाला असेल तर सावकाश चालवताना कळत नाही. एसी लावून, पाच माणसे बसवून, ओव्हरटेक करताना कळतो. पर्ज व्हॉल्व्ह गळत असेल तर पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुर करते.

सर्व्हिस सेंटरमधली चाचणी बहुधा पाच-सात किलोमीटरची, सपाट रस्त्यावरची, एका माणसाची असते. त्यामुळे ‘दोष आढळला नाही’ हा शेरा खोटाच असतो असे नाही. मात्र त्याचा खरा अर्थ ‘आम्ही चालवली त्या परिस्थितीत आढळला नाही’ एवढाच. ‘दोष नाही’ हा त्याचा अर्थ होत नाही. वॉरंटीच्या वादात नेमका हा फरक ग्राहकाला भोवतो.

म्हणूनच दोष शोधण्याची पहिली पायरी ग्राहकाकडे असते. झटका आला तेव्हा इंजिन थंड होते की तापलेले, वेग किती, चढ होता की सपाट, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, शेवटचे कधी आणि कुठे भरले, एसी चालू होता का, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला का आणि लागला तर स्थिर होता की लुकलुकत होता. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की संशयितांची यादी निम्म्याने कमी होते. लुकलुकणारा दिवा गंभीर मिसिंग सांगतो. अशा वेळी गाडी दामटली तर धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो.

गाडीच्या संगणकात काय नोंदले जाते?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा टप्पा. धूर मर्यादेत ठेवायचा तर इंजिन स्वतःवर नजर ठेवणारे हवे, म्हणून या गाड्यांत निदानाची यंत्रणा असते. प्रत्येक स्फोटानंतर फिरणाऱ्या दांड्याचा वेग किंचित वाढतो. तो वाढला नाही की संगणक समजतो, या सिलिंडरमध्ये मिसिंग झाले. मग सांकेतिक क्रमांक साठवला जातो. पी०३०० म्हणजे कुठेही, अनियमित मिसिंग. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. सोबत त्या क्षणाचे एक चित्रही गोठवून ठेवले जाते : इंजिनाचे तापमान, फेरे, वेग, इंजिनावरचा भार.

येथे दोन गोष्टी ग्राहकाला सहसा कुणी सांगत नाही. पहिली म्हणजे, दोष एकदाच दिसला तर तो ‘प्रलंबित’ म्हणून राहतो, दिवा लागत नाही आणि पुढच्या फेऱ्यांत दिसला नाही तर नोंद आपोआप पुसली जाते. म्हणजे ‘दिवा लागला नाही म्हणजे दोष नाही’ हे खरे नाही. दुसरी म्हणजे, कुणी स्कॅनरने नोंदी साफ केल्या किंवा बॅटरीची तार काढली तर हा पुरावा जातो. गावातल्या गॅरेजमध्ये ‘रीसेट मारून देतो’ म्हणणारा मेकॅनिक मदत करण्याच्या भावनेनेच ग्राहकाचा एकमेव साक्षीदार घालवत असतो. सर्व्हिस सेंटरही नोंदी पुसून गाडी परत देते, पण पुसण्यापूर्वीच्या नोंदींचा कागद क्वचितच देते.

नोंद हाती असेल तर पुढची तपासणी अवघड नाही. दुसऱ्या सिलिंडरचा क्रमांक आला असेल तर त्याची कॉइल तिसऱ्यावर लावायची. पुढच्या वेळी नोंद तिसऱ्याची आली तर कॉइल दोषी. दुसऱ्याचीच आली तर प्लग, इंजेक्टर किंवा तार पाहायची. इंधन कमी पडत असल्याची नोंद असेल तर पंपाचा दाब उभ्या गाडीत न मोजता, गेज लावून चालत्या गाडीत मोजायचा. सुटे भाग एकामागून एक बदलत बसण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि खात्रीचा आहे.

ई२० पेट्रोलमुळे असे होते का?

पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले होते, ते २०२२ मध्ये २०२५-२६ पर्यंत अलीकडे आणले गेले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरुत ई२० पेट्रोलचा आरंभ झाला आणि २०२५ मध्ये बहुतेक पंपांवर तेच उरले. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्याशीही या धोरणाचा संबंध आहे, कारण इथेनॉल उसाबरोबर मका आणि अन्न महामंडळाकडच्या तांदळापासूनही बनते.

ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांच्या तक्रारींनी समाजमाध्यमे भरली. पेट्रोलियम मंत्रालयाने इंजिन खराब होत असल्याचे दावे फेटाळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंपांवर इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मागणारी जनहित याचिका फेटाळली. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी ही टीका पैसे देऊन चालवलेली मोहीम असल्याचे म्हटले. या गदारोळात तांत्रिक प्रश्न मागे पडला.

तांत्रिक बाजू अशी. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि ते जाळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत इंजिनाने अधिक इंधन सोडायला हवे. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि संगणक इंधन वाढवतो. ही दुरुस्ती सात-आठ टक्क्यांच्या घरातली आहे आणि सुस्थितीतल्या आधुनिक इंजिनाला ती सहज जमते. मायलेज मात्र घटते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यानेच मान्य केले होते की शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के, तर ई१० साठी बांधलेल्या आणि ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के असेल.

आता मूळ प्रश्नाकडे. ई२० टाकीत रोज असते. झटका मात्र आठ-दहा दिवसांतून एकदा येतो. कायम असलेले कारण, एकटे, कधीमधी होणाऱ्या परिणामाचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. ते फार तर आधीच कमकुवत असलेला भाग उघडा पाडते. पंपाची ताकद जेमतेम उरली असेल किंवा इंजेक्टरचे तोंड थोडे चोंदले असेल, तर जास्त इंधनाची मागणी त्याला झेपत नाही. पण मग दोष पंपाचा किंवा इंजेक्टरचा आहे आणि तो भाग वॉरंटीत येतो की नाही हा प्रश्न उरतो.

दुसरा मुद्दा तारखांचा आहे. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांतले रबर, प्लास्टिक आणि धातूचे भाग ई२० ला टिकणारे असावेत आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनही त्यासाठी जुळवलेले असावे, असे वेळापत्रक सरकारनेच आखले होते. अनेक कंपन्यांची वॉरंटी आज ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची आहे. म्हणजे जी गाडी आज वॉरंटीत आहे, ती बहुतांशी ई२० चालेल असे सांगूनच विकलेली आहे. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेनेही २०२५ च्या वादात वॉरंटी पाळली जाईल असे जाहीर केले. १५ वर्षे जुन्या गाडीच्या मालकाची चिंता वेगळी आणि खरी आहे. दोन वर्षांच्या गाडीला मात्र ‘पेट्रोलच तसे येते’ हे उत्तर पुरेसे नाही.

पेट्रोलमध्ये पाणी असेल तर?

ही शक्यता खरी आहे आणि ती ई२० च्या चर्चेपासून वेगळी ठेवली पाहिजे. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी मिश्रणात सामावते. मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी झिरपले तर असे घडते.

पण याची खूण निराळी असते. पेट्रोल भरल्यानंतर काही किलोमीटरांतच त्रास सुरू होतो, टाकी संपेपर्यंत सतत राहतो, बहुधा गाडी बंदच पडते आणि त्याच पंपावर भरलेल्या इतर गाड्यांनाही तोच अनुभव येतो. वेगवेगळ्या पंपांवर भरूनही महिनोन्‌महिने मधूनच येणारा झटका या चित्रात बसत नाही. सर्व्हिस सेंटर भेसळीचे किंवा पाण्याचे कारण देत असेल तर टाकीतून काढलेला नमुना ग्राहकासमोर घ्यावा, सीलबंद करावा आणि जॉब कार्डवर तशी नोंद करावी, हा आग्रह रास्त आहे. नमुना नसेल तर ते निदान नव्हे, अंदाज झाला. ग्राहकानेही पेट्रोलची पावती जपावी. पंपावर घनता तपासून मागण्याचा अधिकार त्याला आहे.

कंपनीचाच दोष निघाल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत आणि ती बोलकी आहेत. होंडा कार्सने भारतात एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी ९०,४६८ गाड्या इंधन पंप बदलण्यासाठी परत बोलावल्या. मार्च २०२४ मध्ये मारुती सुझुकीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन-आर पंपाच्या मोटरमधल्या भागासाठी बोलावल्या. इंजिन बंद पडणे किंवा सुरू न होणे, असा धोका कंपन्यांनी तेव्हा सांगितला होता. जगभरात २०२० पासून डेन्सो या जपानी कंपनीच्या पंपांमुळे अनेक उत्पादकांच्या लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. तिथे दोष प्लास्टिकच्या एका छोट्या चक्रात होता. ते इंधन शोषून फुगायचे आणि पंपाच्या भिंतीला घासायचे. पंप कधी अडायचा, कधी सुटायचा.

याचा अर्थ असा की सर्व्हिस सेंटरमध्ये न दिसलेला दोष कारखान्यातलाही असू शकतो. पण एका गावातल्या एका ग्राहकाला तो कळत नाही. हजारो जॉब कार्डे एकत्र पाहणाऱ्या कंपनीला कळतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि एप्रिल २०२१ पासून, सदोष गाड्यांच्या तक्रारी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. मात्र जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ लिहिलेली तक्रार या मोजणीत सहज हरवते. आपल्या गाडीसाठी अशी मोहीम आहे का, हे चेसिस क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते. दोष शोधण्याआधी हे पाहणे सर्वात स्वस्त.

वॉरंटी कशाला लागू नाही?

उत्पादनातला किंवा सामग्रीतला दोष वॉरंटीत येतो. प्लग, फिल्टर यांसारखे झिजणारे भाग बहुधा येत नाहीत. बाहेरून झालेली इजाही येत नाही. धानाच्या पट्ट्यात उंदीर हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. कापणीनंतर पुंजण्याशेजारी किंवा कोठाराजवळ उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ऊब असते. उंदराने सेन्सरची तार अर्धवट कुरतडली की मधूनच झटके येऊ शकतात आणि ते वॉरंटीत बसत नाही. म्हणून कुरतडलेली तार दाखवली गेली तर तिचा फोटो घ्यावा आणि त्याच तारेचा नोंदवलेल्या दोषाशी संबंध काय, हे विचारावे.

बाहेरच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडले की वॉरंटी गेली, हा समज मात्र अर्धवट आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे, हा ठपका होता. बाहेर काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने बजावले. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. व्यवहारात सावधगिरी अशी की वॉरंटी असेपर्यंत बाहेर नोंदी वाचून घ्याव्यात, पण पुसू देऊ नयेत आणि तारा कापू देऊ नयेत.

सिद्ध कुणी करायचे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. दोष आहे असे म्हणणाऱ्याने तो दाखवावा, ही सुरुवात त्यातही कायम आहे. मात्र चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोगाने वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी, असे कलम ३८ सांगते. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते.

न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंना शिकवणारे आहेत. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची हमी असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. २०१० मध्ये फियाट इंडियाच्या प्रकरणात इंजिनाच्या आवाजाची तक्रार होती. तिथे न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीचा मार्ग दिला आणि उत्पादनातला दोष आढळला तर गाडीची किंमत व्याजासह परत करावी असे म्हटले. गोव्यातल्या एका ग्राहकाला २००९ ची गाडी २०११ ची म्हणून विकली गेली होती. त्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळे केले, कारण विक्रेत्याच्या कृत्याची माहिती कंपनीला असल्याचे सिद्ध झाले नव्हते. त्यामुळे तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांना पक्षकार करणे आणि कुणी काय केले हे वेगवेगळे मांडणे महत्त्वाचे ठरते.

नव्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे प्रकरण आहे, पण त्याने येथे फारसे हाती लागत नाही. सदोष वस्तूमुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला इजा झाली तर ते लागू होते. वस्तूचे स्वतःचे नुकसान त्या व्याख्येत नाही. म्हणजे झटक्यामुळे अपघात झाला तर एक मार्ग आणि अपघात व्हायच्या आधी दोष काढून मागायचा तर दुसरा, अधिक पुरावा मागणारा मार्ग.

मग सानगडीच्या ग्राहकाने काय करावे?

पहिले काम शब्दांचे आहे. जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नये. ‘इंजिन तापल्यावर, ६० ते ७० च्या वेगात, चढावर झटके येतात, गेल्या महिन्यात चार वेळा’ असे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे आणि प्रत घ्यावी. दुसरे, नोंदी पुसण्यापूर्वी स्कॅनरचा अहवाल कागदावर किंवा फोनवर मागावा. तिसरे, तंत्रज्ञाला शेजारी बसवून ज्या परिस्थितीत दोष येतो त्या परिस्थितीत गाडी चालवण्याची मागणी लेखी करावी. चौथे, शक्य असेल तर सोबतच्या माणसाने झटक्याच्या वेळी डॅशबोर्डचे चित्रीकरण करावे, चालकाने नव्हे. पाचवे, दोष वॉरंटीत असताना नोंदवला आहे आणि तो कायम आहे, असे मुदत संपण्यापूर्वी विक्रेता आणि कंपनी दोघांना ईमेलने कळवावे. मुदतीत नोंदवलेली तक्रार मुदत संपली म्हणून आपोआप मरत नाही. न नोंदवलेली मात्र मरते.

त्यानेही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. गाडी नागपूरला घेतली असली तरी ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याची मोठी सोय आहे. सानगडीकरासाठी तो आयोग भंडाऱ्याचा. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या पोर्टलवर तक्रार दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. चाचणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ जातो.

फट कुठे आहे?

मधूनच येणाऱ्या दोषाचा पुरावा गाडीच्या संगणकात असतो. तो वाचण्याचे पूर्ण साधन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असते आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र शंभर किलोमीटरवरून आलेल्या ग्राहकाकडे. दर खेपेला त्याचा एक दिवस, मजुरी आणि दोनशे किलोमीटरचे पेट्रोल जाते. तीन खेपांनंतर तो थकतो आणि वॉरंटीचे घड्याळ त्याच्या बाजूने थांबत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहने घेतली. पण तिथे मुख्यतः माहिती मिळते, बंधन नाही. दर भेटीला पुसण्यापूर्वीच्या नोंदींची प्रत ग्राहकाला द्यावी आणि एकाच दोषासाठी दोन-तीनदा गाडी आली तर तो काळ वॉरंटीत जोडावा, एवढे दोन नियम झाले तरी चित्र बदलेल. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही, की इथेनॉलचे धोरणही बदलावे लागत नाही. एखाद्या गुणाबद्दलची शंका फिटावी म्हणून विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते. लाखो रुपये मोजलेल्या गाडीची उत्तरपत्रिका मात्र आज सर्व्हिस सेंटरमध्ये पुसली जाते आणि ग्राहकाच्या हाती फक्त शेरा पडतो. तोवर जॉब कार्डवर नीट लिहून घेतलेली दोन ओळींची तक्रार, हाच सानगडीच्या ग्राहकाचा सर्वात भक्कम पुरावा.